किती भरलं?

शाळेत वजनं घ्यायचा दिवस असला की मी आधी रांगेकडे बघते. पुढे घुसणारी मुलं ठरलेली असतात. ती बूट काढून केव्हाच तयार असतात, काट्यावर उडी मारतात, आकडा स्वतःच ओरडून सांगतात आणि पळत सुटतात. मधली मुलं एकमेकांना ढकलत, खिदळत येतात. रांगेचं शेपूट मात्र हलत नाही. तिथे एकीला नेमकी तेव्हाच तहान लागते. एकाच्या बुटाची नाडी पुन्हा पुन्हा सुटते. एक जण मागच्याला पुढे सोडतो, मग त्याच्या मागच्यालाही. एखादी त्या दिवशी शाळेलाच येत नाही आणि दुसऱ्या दिवशी पोटात दुखत होतं अशी आईची चिठ्ठी आणते.

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते. वर्गशिक्षिकेच्या कामांमध्ये सत्रातून एकदा मुलांची उंची आणि वजन घेऊन प्रगतीपुस्तकात भरणं हे एक काम असतं. शिवाय आरोग्य तपासणीचं पथक वर्षातून एकदा येतं, तेही मोजतं. स्टाफरूममध्ये हे काम हजेरीचा गोषवारा काढण्याच्या पंगतीला बसवलेलं असतं. दोन तासिका घ्यायच्या आणि उरकून टाकायचं. मला ते तसं कधीच वाटलं नाही. गणिताच्या पेपराला न घाबरणारी मुलगी काट्यापुढे पांढरीफटक पडलेली मी बघितली आहे.

ती सातवीत होती. हुशार, कबड्डीत चढाईला सगळ्यांच्या पुढे, आवाज खणखणीत. तिचा नंबर आला तेव्हा तिने आधी स्वेटर काढला, मग हातातलं घड्याळ, मग वेण्यांच्या रिबिनी सोडल्या. त्या नीट गुंडाळून मैत्रिणीच्या हातात दिल्या. काट्यावर एक पाय ठेवला, थांबली, श्वास आत ओढून घेतला आणि मग दुसरा पाय ठेवला. डोळे घट्ट मिटलेले. रिबिनींचं वजन ते किती असणार! पण तिच्या लेखी तेवढ्यानेही फरक पडणार होता. त्याच दिवशी, त्याच रांगेत, एका किरकोळ अंगाच्या मुलाच्या चड्डीचे खिसे फुगलेले दिसले. आत गोट्या होत्या आणि रस्त्याच्या कडेची खडी होती. तिला आकडा खाली आणायचा होता, त्याला वर न्यायचा होता.

जाड मुलांनाच वजनाची धास्ती असते असं आपण धरून चालतो. आपल्याकडे ते अर्धंच खरं आहे. काडी पैलवान, सुकट बोंबील, फुंकर मारली तर उडशील, असं ऐकत मोठी होणारी मुलं प्रत्येक वर्गात आहेत. त्यातल्या काहींच्या घरात खरोखरच पोटभर नसतं. आपला आकडा मोठ्याने वाचला गेला की घरची चूल वाचली जाते, हे त्या मुलांना कळतं. चौथी-पाचवीपासून कळतं.

खरं तर आपल्या लोकांना वजन करून घेण्याचं वावडं कधीच नव्हतं. शिवाजी महाराजांनी 1665 च्या जानेवारीत, सूर्यग्रहणाच्या दिवशी, महाबळेश्वरला जिजाबाईंची सुवर्णतुला केली. आजही जत्रेत नवसाचं पोर तागडीच्या एका पारड्यात आणि गुळाच्या ढेपा दुसऱ्यात, असा सोहळा होतो. पोर जितकं जड तितकं आजीला कौतुक जास्त. रेल्वे स्टेशनवर रंगीत दिवे लुकलुकणारं वजनाचं यंत्र असायचं. रुपया टाकला की चाक गरगर फिरायचं आणि खटकन पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. त्या तिकिटासाठी आम्ही भावंडं वडिलांचा हात ओढायचो. आणि तालमीतली मुलं! आमच्या शाळेतली काही मुलं कुस्तीला जातात. त्यांना आपलं वजन ग्रॅमपर्यंत पाठ असतं. स्पर्धा जवळ आली की ती आपणहून काटा मागायला येतात, मधल्या सुट्टीत चढून बघतात, अर्धा किलो जास्त भरला तर रात्रीची भाकरी कमी करायची का यावर गंभीर चर्चा करतात. कोणी ऐकलं तर ऐकू दे.

मग तेच मूल वर्गाच्या रांगेत का आकसतं? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. तालमीत तो आकडा मुलाच्या कामाचा असतो. स्टेशनवरचं तिकीट त्याच्याच खिशात जातं. नवसाच्या तागडीभोवती त्याचीच माणसं असतात. शाळेतला आकडा कशासाठी घेतला जातो हे त्याला कोणी सांगत नाही. तो जातो रजिस्टरात, आणि जाता जाता अख्ख्या वर्गाच्या कानावरून जातो.

या शेवटच्या गोष्टीचं कारण इतकं साधं आहे की मला त्याचा राग येतो. काटा व्हरांड्यात ठेवतात, कारण तिथे फरशी सपाट असते आणि उजेड चांगला असतो. लिहिणाऱ्या बाई टेबलापाशी, दहा-बारा फुटांवर. काट्याशी उभा असलेला माणूस आकडा वाचतो आणि तो टेबलापर्यंत पोचावा म्हणून ओरडतो. "एकोणसाठ!" टेबलाकडून प्रश्न येतो, "किती? एकोणपन्नास?" "नाही हो, एकोणसाठ! पाच-नऊ!" झालं. एका मुलीचा आकडा असा तीन वेळा गाजतो. यात कोणाच्याही मनात वाईट नसतं. दोघंही काम लवकर आणि बरोबर व्हावं म्हणून धडपडत असतात. पण शाळा सुटेपर्यंत 'पाच-नऊ' हे त्या मुलीचं नाव पडलेलं असतं, आणि ते दहावीच्या निरोप समारंभापर्यंत टिकतं.

आमच्याकडे आता काटा प्रयोगशाळेत असतो. एक मूल आत, पुढचं दाराबाहेर, बाकीची वर्गात. मुलींसाठी बाई, मुलांसाठी सर. जो वाचतो तोच लिहितो, रोल नंबर घातलेल्या चिठ्ठीवर, आणि चिठ्ठ्यांवरून रजिस्टर मी नंतर एकटी भरते. मुलाला विचारायचं, "बघायचंय का तुला?" नको म्हणालं तर पाठमोरं उभं करायचं. आणि काट्यापाशी काहीही शेरा मारायचा नाही, चांगलासुद्धा नाही. "अरे वा, बारीक झालीस की!" हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. ती बारीक झाली म्हणून खूश झालेल्या बाईंनी ती काय खाते हे विचारलेलं नसतं. शिवाय पुढच्या वर्षी ते वाक्य मिळालं नाही की त्याचा अर्थ ती लावणारच.

याला वेळ जास्त लागतो. एका वर्गाला एक तासिका वाढते, आणि ती कोणाच्या विषयाची जाणार यावर दरवेळी वाद होतो. "आमच्या वेळी कोणी विचारत होतं का? आम्ही नाही मोठे झालो?" असं एक ज्येष्ठ सहकारी दरवर्षी म्हणतात. मी त्यांना एकदा विचारलं, तुम्हाला शाळेत काय चिडवायचे? त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं. साठीला आलेल्या माणसाला ते नाव जिभेच्या टोकावर होतं. तेव्हापासून ते म्हणतात ते म्हणतातच, पण मुलांच्या बाजूचा काटा तेच सांभाळतात, आणि फार नीट सांभाळतात.

रांगेचं शेपूट नाहीसं झालं, असं मी म्हणणार नाही. ते आखूड झालं आहे.

एवढा त्रास होतो तर वजन करणंच बंद का करत नाही, असं काही पालक विचारतात, विशेषतः शहरातून बदली होऊन आलेले. मला ते पटत नाही, आणि त्यामागे एक मुलगा आहे. नववीत होता. जुलैपेक्षा त्याचं वजन जानेवारीत कमी भरलं, आणि उंची मात्र वाढलेली. वाढत्या वयाच्या मुलाचं वजन सहा महिन्यांत जिथल्या तिथे राहिलं तरी विचारपूस करायला हवी. इथे तर ते उतरलं होतं. त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, तहान फार लागते, रात्री उठावं लागतं. ग्रामीण रुग्णालयात पाठवला, रक्तातली साखर अफाट निघाली. लहान वयातला मधुमेह, रोज इन्सुलिन लागणारा. आणखी काही आठवडे गेले असते तर तो बेशुद्धावस्थेत दवाखान्यात गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या घरी वजनाचा काटा नव्हता. आमच्या बहुतेक मुलांच्या घरी नसतो. क्षयाची खूणही अनेकदा आधी वजनातच दिसते.

आणि कुपोषण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची 36 टक्के मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली, आणि 35 टक्क्यांची उंची खुंटलेली. ही मुलं पुढे आमच्याच वर्गात येतात. अंगणवाडीत सेविका ताई त्यांना दर महिन्याला मोजतात, झोळीच्या काट्यात बसवून तक्त्यावर ठिपका देतात, आणि हिरव्या पट्ट्यातून ठिपका खाली घसरला की आईला बोलावतात. पहिलीत गेल्यावर ती नजर विरळ होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत पालघरला सुरू झाला. त्यात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी येते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. पथकात डॉक्टर असतात, परिचारिका असते, औषधनिर्माते असतात. एका दिवसात शेकडो मुलं बघायची असतात. त्यांच्याकडून काट्यापाशी नाजूकपणाची अपेक्षा करणं जड जातं, म्हणून खोली, दार आणि माणसं शाळेनेच तयार ठेवावीत असं मला वाटतं. पथक आलं की आम्ही ठेवतो, आणि त्यांनाही ते बरं वाटतं.

परदेशात याचा अभ्यास झाला आहे. इंग्लंडमध्ये 2005 सालापासून शाळाप्रवेशाच्या वर्षी आणि पुन्हा दहा-अकराव्या वर्षी मुलांना मोजतात. घरी आधी पत्र जातं, पालकांना नको असेल तर मूल वगळता येतं, मोजणी आडोशाला होते आणि आकडा शिक्षकांना किंवा इतर मुलांना कळू देत नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या 79 शाळांमध्ये 2014 ते 2017 या काळात 28 हजारांहून जास्त मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. काही शाळांत मुलांना मोजून त्यांचा अहवाल घरी पाठवला, काही ठिकाणी नुसतं मोजलं, काही ठिकाणी मोजलंच नाही. अहवाल गेल्याने मुलांच्या वजनात काही सुधारणा झाली नाही. उलट जिथे मोजलं तिथे मुलं आपल्या वजनाबद्दल जास्त नाराज झाली आणि आपसात वजनावरून बोलणं वाढलं.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्यावर थांबले. तिथे एवढा विचार करून प्रयोग आखला होता, तरी हे झालं. माझी समजूत अशी की आकडा कळवणं हेच काम आहे असं मानलं की असंच होणार. पत्र मिळालं, मूल जाड आहे हे कळलं, आणि पुढे? आपल्याकडेही तपासणीच्या कार्डावर पुढच्या दवाखान्यात नेण्याची शिफारस होते, आणि आईचा रोज बुडणार म्हणून ते कार्ड फळीवरच्या डब्यात राहतं. मधुमेहाच्या त्या मुलाला काट्याने वाचवलं नाही. त्याच्या काकांनी एक दिवस रजा टाकली आणि त्याला मोटारसायकलवरून नेलं, त्यामुळे तो वाचला. मोजल्यानंतर काही करायची तयारी नसेल तर मुलांना काट्यावर उभं करण्याचा हक्क आपल्याला नाही, या मतापर्यंत मी आले आहे.

मला आणखी एक गोष्ट करता येते, ती विज्ञानाची शिक्षिका म्हणून. वजनाच्या आदल्या दिवशी मी वाढीवर एक तास घेते. फळ्यावर दोन रेषा काढते, एक मुलींची, एक मुलांची. मुलींची उंची साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी झपाट्याने वाढते, मुलांची तेराव्या-चौदाव्या. म्हणून सहावी-सातवीत निम्म्या मुली मुलांपेक्षा उंच आणि जड असतात, आणि नववीत चित्र पालटतं. या काळात मुलीचं वजन वर्षाला चार-पाच किलोंनी वाढणं हे शरीराचं ठरलेलं काम आहे. ते वाढायलाच हवं. आजी "पोरीनं अंग धरलं" म्हणते तेव्हा ती हेच सांगत असते. हे ऐकताना मुलींचे चेहरे बघण्यासारखे असतात. त्यांना आतापर्यंत कोणी हे सांगितलेलंच नसतं. आपण एकटीच फुगत चाललोय, असं प्रत्येकीला वाटत असतं.

मग मोबाइलवरचा बीएमआय निघतो, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. हल्ली आठवीतल्या मुलांनाही तो काढता येतो: किलोतलं वजन, त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. ते भागतात, आणि मोठ्यांच्या कोष्टकात आपला आकडा शोधतात. तिथेच घोटाळा होतो. मुलांचा बीएमआय वय आणि मुलगा की मुलगी हे बघून, वाढीच्या तक्त्यावर वाचायचा असतो. भारतीय मुलांसाठी असे तक्ते आहेत. पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले पाच ते अठरा वर्षांचे तक्ते बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने 2015 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांची एक प्रत मी प्रयोगशाळेत लावली आहे. हे सूत्र ज्याने मांडलं तो केटले हा बेल्जियमचा गणिती होता आणि तो एकोणिसाव्या शतकात अख्ख्या समाजाची सरासरी शोधत होता. आठवीतल्या एका मुलीने त्यावरून रात्रीचं जेवण सोडावं असं त्याच्या स्वप्नातही नसेल.

दप्तराबद्दल एकच सांगते. 2015 मध्ये राज्य सरकारने दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर नको असा आदेश काढला, आणि 2020 च्या राष्ट्रीय दप्तर धोरणातही तेच आलं. तेव्हा काही दिवस आमच्याकडे दप्तरांची वजनं झाली. मुलं दप्तर काट्यावर ठेवायला धावत होती, आणि ते जास्त भरलं की आरडाओरडा करत होती, "बाई, बघा, आमच्यावर अन्याय!" आकडा आपल्या बाजूने बोलतोय हे कळल्यावर एकही मूल मागे राहिलं नाही. याच तासाला मी त्यांना सांगितलं की तुझं वजन आम्हाला का लागतं, त्याचं एक कारण हेही आहे. दप्तर, औषधाची मात्रा, बेंचची उंची, सगळं तुझ्या मापाने ठरायला हवं म्हणून.

आता आवाजाची जागा मोबाइलने घेतली आहे, याची मला जास्त काळजी वाटते. उंची-वजनाची माहिती ऑनलाइन भरावी लागते. ती घाईत गोळा करायची असते म्हणून कोणीतरी अख्ख्या वर्गाच्या यादीचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतं, "ज्यांची नोंद राहिली त्यांनी कळवावे" असं लिहून. नाव, इयत्ता, उंची, वजन. ओरडलेला आकडा निदान त्या वर्गातच राहायचा. हा घरोघरी जातो, मोठा करून बघता येतो, जपून ठेवता येतो. हे एका शाळेत घडल्याचं माझ्या भाचीने सांगितलं, आणि तिच्या मैत्रिणीने त्यानंतर खेळाच्या तासाला जाणं बंद केलं. मी आमच्या मुख्याध्यापिकांकडे लेखी मागणी केली आहे की अशी यादी फोटो काढून कुठेही पाठवायची नाही, आणि प्रगतीपुस्तकात उंची-वजनाचं पान पहिलं नको, आत असावं. मुलं प्रगतीपुस्तकं एकमेकांची बघतात. बघायला मिळालं तर गुणांच्या आधी वजन बघतात. पहिली मागणी मान्य झाली. दुसऱ्यासाठी छापील नमुना बदलावा लागेल, तो आमच्या हातात नाही, म्हणून सध्या मी ते दोन रकाने पेन्सिलीने अगदी बारीक भरते आणि पालकसभेत पालकांना वेगळं बोलावून सांगते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा वजनं आहेत. काट्याचे सेल बदलायचे आहेत, प्रयोगशाळेच्या खिडकीला पडदा शिवून आणायचा आहे, कारण मैदानावरून आतलं दिसतं हे गेल्या खेपेला एका मुलीनेच लक्षात आणून दिलं. यंदा आठवीतल्या चौघी आधीच येऊन विचारून गेल्या, पाठमोरं उभं राहिलं तर चालेल ना? चालेल म्हटलं. त्यातली एक परत आली आणि म्हणाली, मी आधी पाठमोरी उभी राहीन, पण मग वाटलं तर वळून बघू का? तेही चालेल.